फ्रॉइड यांचा कर्करोग आणि मानेतली धमनी

सिग्मंड फ्रॉइड यांचं नाव तुम्ही मानसशास्त्राच्या संदर्भात ऐकलं असेल. मुळात ते मज्जासंस्थेचे डॉक्टर होते आणि आयुष्याची शेवटची १६ वर्षं तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण.

१८५६ मध्ये मोराव्हियात जन्मलेले फ्रॉइड व्हिएन्नात वाढले. दिवसाला वीसेक सिगार ओढत. हृदयाची तक्रार उद्भवली तेव्हा डॉक्टर मित्राने सिगार बंद करायला सांगितल्या. त्यांनी सोडल्या, पुन्हा धरल्या. १९२३ मध्ये टाळू-जबड्याजवळ गाठ आढळली. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार झाले. ऑक्टोबरमध्ये हान्स पिखलर या सर्जननी जबड्याचा मोठा भाग काढला. त्याआधी मानेतली बाह्य कॅरोटिड धमनी बांधून टाकली.

धमनी बांधली, तरी चाललं कसं? जबड्याखाली बोट ठेवल्यावर ठोके लागतात ती कॅरोटिड. पुढे तिच्या दोन फांद्या होतात. बाह्य फांदी चेहऱ्याला रक्त पुरवते, आतली मेंदूला. बाह्य बांधली तरी बहुधा निभावतं. आतली तुंबली तर पक्षाघात होऊ शकतो.

मानेला किरणोपचार दिले की याच धमन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. सूज राहते, भिंत जाड होते, चरबीचे थर साचतात. हे लगेच कळत नाही. अनेकदा पाच-दहा वर्षं जातात. तोवर कर्करोगाचा पाठपुरावा संपलेला असतो आणि मानेकडे कुणाचंच लक्ष नसतं. माझ्या मते खरी चूक इथेच होते.

फ्रॉइड यांच्या काळी धमनीची सोनोग्राफी नव्हती. पहिलं स्टॅटिन बाजारात आलं १९८७ मध्ये. ते यकृतात तयार होणारं कोलेस्टेरॉल कमी करतं, धमनीतला थर स्थिर ठेवायलाही मदत करतं. किरणोपचारानंतर स्टॅटिन घेणाऱ्यांत पक्षाघात कमी दिसल्याचं काही निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात, पण पुरावा अजून पक्का नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना गोळी देत नाहीत. तुमचं वय, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कॅरोटिड डॉपलर पाहून डॉक्टर ठरवतात. स्वतःहून सुरू करू नका. चालू असेल आणि स्नायू खूप दुखले, तर बंद करण्याआधी विचारा.

तंबाखू मात्र सुटायलाच हवी, मग ती सिगार असो, मिश्री असो की गुटखा. फ्रॉइड यांची सुटली नाही. तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, मुलगी अॅना शुश्रूषा करत राहिली. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून ते लंडनला गेले. तिथे गाठ पुन्हा वाढली, आता शस्त्रक्रियेपलीकडची. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, ८३ व्या वर्षी, ते गेले.

तुम्ही मानेचे किरणोपचार घेतले असतील, तर पुढच्या भेटीत कोलेस्टेरॉल आणि डॉपलरबद्दल विचारा. एका डोळ्यापुढे अचानक अंधारी आली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर ते मिनिटभरात बरं झालं तरी थांबू नका. थेट रुग्णालय गाठा.