तागाच्या शेतातील महालनोबिस

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव निघाले की बहुतेकांना दुसरी पंचवार्षिक योजना आठवते. तिच्यातील अवजड उद्योगांवरील भराबद्दल त्यांना आजही बोल लावला जातो. मला त्यांचे खरे कर्तृत्व दिसते ते तागाच्या शेतात.

१८९३ मध्ये कोलकात्यात जन्मलेले महालनोबिस केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञान शिकले. मायदेशी परतताना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांनी वाचले आणि संख्याशास्त्राची ओढ लागली. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. तिचा प्रारंभीचा संसार प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील एका खोलीत होता.

१९३७ पासून बंगालमधील तागाखालील क्षेत्राचा अंदाज ते नमुना-पाहणीने बांधू लागले. सारी शेते मोजणे अशक्य, म्हणून थोडी यादृच्छिक रीतीने निवडायची, एवढे पाठ्यपुस्तकातही असते. परंतु शेतावर जाणारा गणक हाही माणूसच. तो कंटाळतो, घाईत आकडा टिपतो, क्वचित झाडाखाली बसूनच तक्ता भरतो. महालनोबिस यांनी हे गृहीतच धरले. त्यांनी एकाच प्रदेशासाठी दोन स्वतंत्र उपनमुने काढले आणि ते वेगवेगळ्या गणकांकडे सोपवले. दोन्ही अंदाजांतील तफावत म्हणजे पाहणीच्या अनिश्चिततेचे मापच. चूक झाकण्याऐवजी तिची नोंद ठेवणारी ही रीत मला त्यांच्या कोणत्याही योजनेहून मोठी वाटते.

मात्र दोन्ही गट एकाच दिशेने चुकले तर? पिकाच्या उताऱ्याबाबत हा आक्षेप ठामपणे मांडला तो सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. महालनोबिस यांचा भर लहान तुकडे कापण्यावर होता. सीमेवरची रोपे आत ओढून घेण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. त्यामुळे तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो. नमुना कितीही वाढवला तरी हा दोष जात नाही. या वादात मी सुखात्मे यांच्या बाजूचा आहे.

१९५० मध्ये महालनोबिस यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्याच परंपरेतील २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष केंद्र सरकारने २०१९ मध्ये गुणवत्तेचे कारण देऊन रोखले. दोष असतीलही, पण ते किती, हे आकडे पाहिल्याशिवाय कोण ठरवणार?

महालनोबिस २८ जून १९७२ रोजी निवर्तले. दुसऱ्या दिवशी त्यांना ७९ वर्षे पूर्ण झाली असती. २००७ पासून तो दिवस सरकार सांख्यिकी दिन म्हणून साजरा करते.