नफा, नीती आणि जमशेटजी टाटा

संतांची आणि देशभक्तांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. व्यापाऱ्याचे चरित्र मात्र सहसा कोणी हाती घेत नाही. पैसा मिळवणारा माणूस थोरही असू शकतो, हे आपल्या मनाला चटकन पटत नाही. मी जमशेटजी टाटांकडे वळले ती आजोबांमुळे. ते नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साचेखात्यात होते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजोबांना सहीपुरतेच अक्षर येई, पण मिल कोणी काढली ते पक्के ठाऊक होते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीस झाला. घराणे पारशी पुरोहितांचे. वडील नसरवानजी यांनी प्रथम व्यापाराची वाट धरली. एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण संपवून १८५८ च्या सुमारास मुलगाही पेढीवर बसला. पेढीचा सगळाच पैसा सोवळा नव्हता, हे सांगितले पाहिजे. चीनच्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. ॲबिसिनियावर गेलेल्या इंग्रज फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटातही मोठा नफा झाला. आपल्या नायकाची सुरुवात अशी असावी याचे मला वाईट वाटले. परंतु चरित्र धुऊन वाळत घालायचे नसते.

पुढे गिरणी काढताना सगळे मुंबईकडे पाहत होते. जमशेटजींनी नागपूर निवडले. कापूस तिथे पिकतो, कोळसा जवळ, जमीन स्वस्त, असा साधा हिशेब होता. १५ लाखांच्या भांडवलावर १८७४ साली कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. दलदलीच्या जमिनीत भर टाकताना पाहून एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारले होते!

कामगारांना रोज वेळेवर कामावर येण्याची सवय नव्हती. दुसऱ्या मालकाने दंड लावला असता. यांनी बक्षिसे ठेवली. आत हवेचा दमटपणा राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. तसे करण्याची सक्ती त्या काळी कोणत्याच कायद्याने नव्हती. याला दान म्हणू नये असे मला वाटते. कामगार टिकला तर सूत चांगले निघते आणि सूत चांगले निघाले तर भागीदारांना लाभांश मिळतो, हे त्यांनी ओळखले होते. नफा आधी आणि धर्म मागाहून, असे दोन कप्पे त्यांनी केले नाहीत.

हीच दृष्टी त्यांच्या विजेच्या कल्पनेत दिसते. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून आणायचा आणि धूर शहराने गिळायचा! सह्याद्रीवर चार महिने कोसळणारे पाणी लोणावळ्याजवळ साठवून १,७०० फुटांहून अधिक खाली खोपोलीला सोडावे, त्यावर वीज करावी आणि गिरण्या चालवाव्यात, ही मूळ कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुशास्त्रज्ञाची. तिचा पाठपुरावा केला जमशेटजींनी. पण १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोलाद, बंगलोरची विज्ञानसंस्था, वीज यांपैकी एकही काम पुरे झालेले त्यांना दिसले नाही. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये चालू झाले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे वाटले असते. पण त्याच योजनेचा विस्तार मुळशी पेठेत आला. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला आणि भातखाचरे धरणाखाली जाणार असे ठरले. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले आणि त्याच लढ्याने त्यांना सेनापती ही पदवी दिली. धरण मात्र झालेच.

अर्थशास्त्राच्या सरांशी यावर माझा वाद झाला. पुढच्यांनी केलेले जमशेटजींच्या माथी मारू नये, असे सरांचे मत. ते मला अर्धेच पटते. धूर नको, कोळसा नको, हा हिशेब जमशेटजींनी मांडला तो खराच होता. त्यात मिलमधला माणूस होता, मुंबईचा रहिवासी होता. डोंगरात भात लावणारा माणूस त्या वहीत कुठे होता, हे शोधत मी अजून त्यांची चरित्रे चाळते आहे.