बाँड स्ट्रीटचा सूट ते स्वतः कातलेल्या सुताचा पंचा : गांधीजींनी कपड्यांचं आणि वेळेचं गणित कसं सोडवलं?

घरी स्वतः कपडे शिवायचे आणि तेच घालून ऑफिसला जायचं, असे व्हिडिओ हल्ली तुमच्याही फोनवर येत असतील. बघायला भारी वाटतं. पण लगेच मनात प्रश्न येतो की एवढा वेळ आणायचा कुठून? नोकरी, घर, प्रवास, यातून एक सदरा व्हायचा म्हटला तरी दोन रविवार जातात.

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे एका माणसाने याच्याही पुढचा हट्ट धरला होता. त्याला नुसतं शिवणकाम पुरेसं नव्हतं. अंगावरच्या कापडाचं सूतसुद्धा आपल्या हातचं हवं होतं. आणि हा माणूस काही रिकामा नव्हता. तो काँग्रेसचा सगळ्यात मोठा नेता होता, साप्ताहिकं चालवत होता, रोज ढीगभर पत्रांना उत्तरं देत होता आणि वर्षातले कित्येक महिने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात काढत होता.

मोहनदास करमचंद गांधी. त्यांचा पंचा आणि चरखा नोटांपासून पुतळ्यांपर्यंत सगळीकडे पाहिलेला असतो. पण हा पंचा एका दिवसात आला नाही. तिथपर्यंत पोहोचायला त्यांना तेहेतीस वर्षं लागली.

सुरुवात झाली थाटामाटात

१८८८ साली १९ व्या वर्षी मोहनदास बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. बोटीवरून उतरताना त्यांनी खास जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला. सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते, थंडी सुरू झाली होती. किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच. ओशाळायला झालं.

मग त्यांनी ठरवलं की आता पक्कं साहेब व्हायचं. मुंबईत शिवलेले कपडे बाजूला पडले. १९ शिलिंगची उंच टोपी आली. बाँड स्ट्रीटवर १० पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली. टाय बांधायला आणि भांग पाडायला रोज आरशासमोर दहा मिनिटं जायची.

हा नाद फक्त त्यांच्यापुरता राहिला नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत कुटुंबाला नेताना त्यांनी कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली. तेव्हा पारशी सगळ्यात सुधारलेले समजले जायचे म्हणून. मुलांना कोट-पँट, बूट आणि मोजे. बुटांनी पाय सोलवटायचे, मोज्यांना घामाचा वास यायचा. कुणी काय घालायचं ते घरातला कर्ता पुरुष ठरवत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

डर्बनची कॉलर आणि नामदार गोखल्यांचा शेला

बदलाची सुरुवात झाली ती धोब्याच्या बिलामुळे. डर्बनमध्ये वकिली चांगली चालत होती, पण धोब्याचा खर्च भारी होता आणि तो कपडे वेळेवर द्यायचा नाही. मग गांधींनी काय केलं, तर धुलाईवरचं एक पुस्तक विकत आणलं, अभ्यास केला आणि कस्तुरबांनाही शिकवलं.

पहिल्या प्रयत्नात कॉलरला खळ जास्त झाली. जळेल या भीतीने इस्त्री नीट तापवली नाही. कोर्टात उभे असताना कॉलरमधून खळ गळायला लागली आणि बाकीचे वकील हसायला लागले. त्याआधी प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच मशीन घेऊन केस कापले होते. पुढचे बरे जमले, मागचे उंदराने कुरतडल्यासारखे झाले. तेव्हाही कोर्टात हसू झालंच होतं.

पण त्यांनी हात थांबवला नाही. १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला आले. त्यांच्याकडे एक शेला होता, न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेला. जीवापाड जपलेला. जोहान्सबर्गच्या मेजवानीला तो घालायचा होता, पण चुरगळला होता आणि धोब्याकडे द्यायला वेळ नव्हता. गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर भरवसा होता, धोबीकामावर नव्हता. शेवटी शेला हातात मिळाला आणि इस्त्री अशी झाली की गोखले खूश. आपल्या गुरूची ही पावती गांधींना फार मोलाची वाटली.

दरम्यान सत्याग्रहात तुरुंगवास सुरू झाले होते आणि तिथे हातात सुई-दोराही आला. १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्म उभं राहिलं. तिथे पुरुषांचे कपडे म्हणजे जाड्याभरड्या निळ्या कापडाची, कैद्यांच्या गणवेशावरून बेतलेली पँट आणि सदरा. शिवणकाम फार्मवरच्या बायकांनी सांभाळलं. हर्मन कॅलनबाख एका मठात जाऊन चपला बनवायला शिकले आणि त्यांच्याकडून गांधी शिकले. त्यांनी बनवलेला एक जोड पुढे जनरल स्मट्सना भेट गेला, म्हणजे ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं त्यांनाच.

कापडाचा प्रश्न, आणि कुणालाच चरखा माहीत नाही

९ जानेवारी १९१५ ला गांधी मुंबईत उतरले ते काठियावाडी अंगरखा, फेटा आणि धोतर घालून. कापड भारतीय होतं, पण गिरणीचं.

गंमत बघा. 'हिंद स्वराज' मध्ये त्यांनी हातमागाचा पुरस्कार करून झाला होता. पण तोवर माग किंवा चरखा डोळ्यांनी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. साबरमतीच्या आश्रमात माग बसवले तर विणता कुणालाच येईना. बाहेरून जाणकार आणावा लागला. पुतणे मगनलाल गांधी यांनी कला झटपट उचलली. पण सूत कुठलं? तर गिरणीचं. म्हणजे कापड हाताने विणायचं आणि सुतासाठी गिरणीच्या दारात उभं राहायचं.

चरखा शोधून काढला गंगाबेन मजमुदार यांनी. बडोदे संस्थानातल्या विजापूरमध्ये घरोघरी चरखे होते, पण माळ्यावर अडगळीत पडलेले. कातणाऱ्या बायका म्हणाल्या की पेळू द्या आणि सूत विकत घ्या, आम्ही आजपासून बसतो. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळलेली नळी, जिच्यातून धागा ओढतात. सुरुवातीचे पेळू मुंबईहून उमर सोबानींनी पाठवले.

मुंबईत आजारी असताना गांधींच्या खोलीत चरखा फिरायला लागला. तिथे कातायला शिकणाऱ्या बायकांमध्ये अवंतिकाबाई गोखले होत्या. मराठीत गांधींचं चरित्र लिहिणाऱ्या त्या पहिल्या, १९१८ साली. त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची.

आश्रमातली पहिली खादी वारी १७ आण्याला पडली. महाग आणि खरखरीत. पन्हाही अपुरा. गांधींनी गंगाबेनना सांगून टाकलं की महिन्याच्या आत ४५ इंच पन्ह्याचं धोतर मिळालं नाही, तर मी आखूड धोतरावर भागवीन. गंगाबेन हादरल्या, पण महिन्याच्या आत धोतरजोडी हजर केली.

मदुराईत कपडे कमी केले

१९२१ मध्ये परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. गांधी लोकांना खादी घाला म्हणून सांगत होते आणि गरीब लोक उत्तर देत होते की खादी परवडत नाही. या उत्तराला तोड नव्हती. चंपारणमध्ये त्यांनी हे पाहिलं होतं. तिथे एका बाईला कस्तुरबांनी विचारलं होतं की कपडे का धूत नाही, तर तिने झोपडी दाखवली. अंगावरची साडी हीच एकुलती एक होती. ती धुवायची तर नेसायचं काय?

२२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत गांधींनी टोपी आणि बंडी उतरवली आणि आखूड पंचा नेसला. आधी हे ३१ ऑक्टोबरपर्यंत म्हणून जाहीर केलं होतं. पुढे ते आयुष्यभर राहिलं. पुढच्या मार्चमध्ये अहमदाबादला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा इनर टेंपलच्या या बॅरिस्टरने आपला धंदा शेतकरी आणि विणकर असा सांगितला.

आता गणित मांडूया

आश्रमात रोज १६० तार कातायचा नेम होता. एक तार म्हणजे ४ फूट. म्हणजे दिवसाला ६४० फूट, साधारण २१३ वार सूत. हात बसलेल्या माणसाला पाऊण ते एक तास.

आता ४५ इंच पन्ह्याचं ५ वार लांब धोतर घ्या. इंचाला ३० उभे आणि ३० आडवे धागे धरले तर त्याला सुमारे १३,५०० वार सूत लागतं. रोजच्या १६० तारांनी हे सूत जमायला ६३ दिवस. एका धोतराला दोन महिने! पंचा याच्या निम्मा, म्हणजे महिनाभर. वर्षभर एकही दिवस न चुकवता कातलं तर पाच-सहा धोतरं होतात. त्यात कोट, सदरे, फेटे बसवायला गेलात तर दिवसभर दुसरं काही करायला नको.

म्हणजे हातचे कपडे घालायचे तर नुसता वेळ वाढवून भागत नाही. कपडे कमी करावे लागतात. मदुराईचा निर्णय गरिबांकडे बघून झाला, पण त्याने हा हिशेबही सुटला.

हिशेबाची दुसरी बाजू होती हत्यार. मोठा चरखा घरात एका कोपऱ्यात राहतो, तो घेऊन फिरता येत नाही. पुण्याच्या येरवडा तुरुंगात १९३० च्या सुमारास पेटी चरखा आकाराला आला. एक मोठं चाक, एक छोटं चाक आणि चाती, सगळं घडी घालून पेटीत बंद. हातात धरून न्यायचं, जमिनीवर ठेवायचं, उघडायचं, कातायला लागायचं. म्हणूनच त्याला येरवडा चक्र म्हणतात. १९३१ मध्ये गांधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हाही कातणं चुकलं नाही. कातताना कान आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळे भेटीगाठी चालू असायच्या.

चरखा आणखी सुधारावा म्हणून चरखा संघाने १९२९ मध्ये १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी कडक होत्या, किंमत १५० रुपयांच्या वर नको ही त्यातली एक. आपल्या किर्लोस्करवाडीतूनही एक चरखा तयार होऊन आला. पण सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

गांधींचा यंत्रांवरच राग होता असं आपण समजतो. पण शिलाई मशीनला त्यांची सूट होती. सिंगरने बायकोला तासन्तास टाके घालताना बघून हे यंत्र बनवलं, अशी त्यांची समजूत होती. माणसाची हाडं वाचवणारं यंत्र त्यांना चालायचं, माणसाला बेकार करणारं नाही.

हे एकट्याचं काम नव्हतंच

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. गांधी सूत कातायचे, पण विणायचं बहुतेक काम दुसऱ्यांचं होतं. पिंजारी, विणकर, आश्रमातले लोक, गंगाबेनसारख्या बायका नसत्या तर तो पंचा झालाच नसता. हा सगळा खटाटोप सगळ्यांना पटलाही नव्हता. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला गांधी अध्यक्ष होते. तिथे ठरलं की सभासदाने महिन्याला २,००० वार सूत द्यायचं. वर्षभरातच ही सक्ती सैल करावी लागली. रवींद्रनाथ टागोरांनी तर १९२५ मध्ये जाहीर टीका केली की सगळ्यांनी एकच यांत्रिक काम करत बसणं मनाला मारक आहे. लाखो माणसांना नेम लावणं सोपं नव्हतं, तो त्यांनी स्वतःला लावून घेतला.

१९४२ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधी आणि कस्तुरबा दोघंही कैदेत होते. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्यांना शेवटची साडी नेसवली ती गांधींनी कातलेल्या सुताची. ती साडी कस्तुरबांनी स्वतःच या दिवसासाठी जपून ठेवली होती.

लग्नानंतर नवऱ्याने पारशी साडी नेसायला लावलेल्या बाईने शेवटी आपल्यासाठी हे कापड निवडलं. नऊवारी नको, साधी पाचवारी धरली तरी रोजच्या १६० तारांनी तिला दोन महिने लागतात. तुरुंग, उपोषणं, दौरे आणि पत्रांच्या ढिगातून रोज पाऊण तास काढून ते सूत निघालं होतं.