भुसावळात विसावलेला चित्रकार

भुसावळ म्हटलं की आपल्याला आठवतं रेल्वे जंक्शन, नाहीतर केळी. पण मैत्रिणींनो, अजिंठ्याची चित्रं जगापुढे नेणारा रॉबर्ट गिल याच मातीत विसावलाय, हे किती जणींना ठाऊक आहे?

मद्रासच्या फौजेतला हा इंग्रज अधिकारी १८४४मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला अजिंठ्याला आला आणि इथलाच झाला. अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत तो जातककथा उतरवत राहिला. इथल्याच पारोची त्याला साथ लाभली. लोककथेतली पारो त्याला पानाफुलांचे रंग करून देते. १८५६मध्ये ती गेली. गिलनं अजिंठा गावात तिची कबर बांधली, तिच्या नावाचा दगड बसवला.

पुढे दुसरा घाव बसला. लंडनला पाठवलेली बहुतेक चित्रं १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. इतक्या वर्षांची मेहनत राख! दुसरा कुणी असता तर मायदेशी परतला असता. गिलनं मात्र साठी उलटल्यावर पुन्हा ब्रश हाती घेतला. १८७९मध्ये भुसावळला त्याचा शेवट झाला. त्याची वाचलेली मोजकी चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

साहेबाचं नाव सरकारी कागदांत राहिलंच असतं. पारोचं कोण लिहिणार होतं? त्यानं ते दगडावर कोरून घेतलं, म्हणून आज आपण घेतो. लेणी बघायला जाल, तेव्हा अजिंठा गावात तिच्या कबरीपाशीही दोन मिनिटं थांबा.