संडास आणि कुलूप बनवणाऱ्या सुताराच्या यंत्रामुळे आज गॅरेजमध्ये गाडी वर उचलली जाते

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ दुधनी हे बाजारपेठेचं गाव आहे. अशा गावांत घराला लागून पत्र्याचं शेड टाकायचं आणि तिथंच गॅरेज सुरू करायचं, यात काही नवं नाही. गाडीच्या खालचं काम निघालं की खड्ड्यात उतरायचं, नाहीतर जॅक लावून आडवं व्हायचं. धंदा जमला की मग विचार येतो, आता लिफ्ट बसवू. बटण दाबलं की हजार किलोची गाडी डोक्याच्या वर!

पण त्या गाडीखाली उभं राहायचं म्हणजे जीव यंत्राच्या भरवशावर सोडायचा. या यंत्राचं मूळ शोधत गेलं की आपण एका लंगड्या सुतारापाशी पोचतो. त्याचं नाव जोसेफ ब्रामा.

ब्रामाचा जन्म १७४८ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. घरी शेती. पोरगा शेतीच करणार हे ठरलेलं होतं, पण सोळाव्या वर्षी पायाला दुखापत झाली आणि शेतातली कामं झेपेनाशी झाली. मग त्यानं गावातल्या सुताराकडे उमेदवारी केली आणि काम शिकून लंडन गाठलं.

लंडनमध्ये त्याच्याकडे श्रीमंतांच्या घरात फ्लशचे संडास बसवायचं काम आलं. त्यांची झडप थंडीत गोठून अडकायची. ब्रामानं झडपेची रचनाच बदलली आणि १७७८ मध्ये पेटंट घेतलं. १७८४ मध्ये त्यानं कुलपाचं पेटंट घेतलं. हे कुलूप पुढं दुकानाच्या खिडकीत लावलं गेलं आणि उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस जाहीर झालं. ते बक्षीस १८५१ पर्यंत कुणालाच मिळालं नाही. तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं कुलूप उघडलं, पण त्यालाही १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले.

अशा कुलपाचे भाग तंतोतंत लागायचे. त्यासाठी ब्रामानं १७८९ मध्ये हेन्री मॉडस्ली नावाचा १८ वर्षांचा पोरगा कामाला घेतला.

आता येऊ मुद्द्याच्या यंत्राकडे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम फ्रान्सच्या पास्कलनं ब्रामाच्या शंभरेक वर्षं आधीच मांडला होता. छोट्या दट्ट्यावर १० किलोचा भार दिला आणि मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ १०० पट असलं, तर तिकडे १००० किलो उचलले जातात. फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा दट्ट्या १ सेंटीमीटर वर जायला छोटा १०० सेंटीमीटर दाबावा लागतो.

ब्रामानं या नियमावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट १७९५ मध्ये घेतलं. पण अडचण होती गळतीची. दट्ट्याभोवती सैल ठेवलं तर पाणी बाहेर यायचं आणि घट्ट आवळलं तर दट्ट्या परत खाली येईना. यावर मॉडस्लीनं वाटीच्या आकाराचं चामडं बसवल्याचं सांगितलं जातं. दाब वाढला की चामडं फुलून घट्ट बसायचं आणि दाब गेला की सैल पडायचं. सायकलच्या पंपातला चामडी वायसर आठवा, गंमत तीच आहे.

प्रेस चालू लागला. पण १७९७ मध्ये मॉडस्लीनं पगारवाढ मागितली तेव्हा ब्रामानं नकार दिला. मॉडस्लीनं काम सोडलं, स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि पुढं तो इंग्लंडमधला नामांकित यंत्रकार झाला. प्रेसला मात्र नाव ब्रामाचंच राहिलं.

हाच प्रेस पुढं कापसाच्या गाठी बांधायला वापरला गेला. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधला 'प्रेस' याच घराण्यातला. ब्रामा शेवटपर्यंत कामावर जातीनं हजर राहायचा. १८१४ मध्ये जंगलातली झाडं प्रेस लावून मुळासकट उपटायचं काम चालू होतं. तिथं देखरेख करताना त्याला थंडी बाधली आणि त्या दुखण्यातच ९ डिसेंबरला तो गेला.

१९२५ च्या सुमारास अमेरिकेत पीटर लुनाटी यानं गाडी उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट आणली. आजच्या लिफ्टमध्ये पाण्याऐवजी तेल असतं आणि चामड्याऐवजी कृत्रिम सील, पण तत्त्व ब्रामाचंच.

सील आजही फाटू शकतं. म्हणून लिफ्टला यांत्रिक लॉक असतं. गाडी वर गेली की ती थोडी खाली घेऊन लॉकवर टेकवायची आणि मगच खाली शिरायचं. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही.

घरच्या गॅरेजमध्ये लिफ्ट बसवायची तर आधी जमीन आणि छत बघायचं. दोन खांबी लिफ्टचा सगळा भार फरशीवर आणि तिच्यातल्या अँकर बोल्टवर येतो. काळी माती पाण्यानं फुगते आणि वरची फरशी तडकवते, म्हणून खालचा भराव आणि काँक्रीट पक्कं हवं. काँक्रीटची जाडी लिफ्टच्या कंपनीनं सांगितलेली, अंदाजानं नाही. उंचीचा हिशोब सोपा आहे. दीड मीटर उंचीची गाडी १.८ मीटर वर उचलली, तर छत ३.३ मीटरच्या, म्हणजे जवळपास ११ फुटांच्या वरच हवं.