यमूचा जन्मदाता

मे महिन्याच्या सुटीत मी बालाघाटला आजोळी गेलो होतो. वैनगंगेवरून येणारा वारासुद्धा दुपारी भाजून काढी, म्हणून आजी घराबाहेर पडू देत नसे. माळ्यावर मला वेष्टन फाटलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ सापडली. आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा मी तिला ती वाचून दाखवू लागलो. रघुनाथरावांच्या मृत्यूपर्यंत तिने निमूटपणे ऐकले. यमूच्या केशवपनाचा प्रसंग येताच मात्र तिने हातानेच मला थांबवले. तिच्या आईच्या धाकट्या बहिणीचे असेच झाले होते, हे त्या दुपारी मला प्रथमच कळले. दुसऱ्या दिवशी तिने एकच विचारले : लिहिणाऱ्याच्या हाती लेखणी होती, मग त्याने पोरीला जगवले का नाही?

उत्तर देता आले नाही, म्हणून परतल्यावर मी हरि नारायण आपटे यांचे चरित्र धुंडाळले.

हरिभाऊंचा जन्म १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. त्यांनी पुतण्याला वाढवले. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांसारखे गुरू लाभले. त्याच गुरूंनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरावर या विद्यार्थ्याने लांबलचक टीका लिहिली! पण गणिताने घात केला आणि पदवी काही मिळाली नाही. (आपल्यापैकी काहींना यात दिलासा वाटेल.)

काकांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली होती. जुन्या संस्कृत पोथ्या शोधून छापणे हे तिचे कार्य. त्याची व्यवस्था हरिभाऊंनी जन्मभर पाहिली. मला येथे थबकावेसे वाटते. ज्या शास्त्रांचा आधार घेऊन यमूसारख्या मुलींची डोकी भादरली जात, त्या शास्त्रांचे ग्रंथ सांभाळणारा हा मनुष्य यमूची कहाणी लिहीत होता, आणि तीही तिच्याच तोंडून!

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. ही कादंबरी त्यातच १८९३ पर्यंत क्रमशः येत होती. ‘काळ तर मोठा कठीण आला’ या गोष्टीत त्यांनी दुष्काळाने नाडलेल्या गरिबांचे हाल मांडले. विजयनगरच्या पाडावावर ‘वज्राघात’ लिहिली. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनी ती जरूर पाहावी. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा अकोला आणि बालाघाट एकाच ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ प्रांतात होते. १९५६ च्या प्रांतरचनेत वाटा वेगळ्या झाल्या. पण आजीच्या माळ्यावरचे पुस्तक सीमेपलीकडे गेले नाही. १९१९ च्या मार्चमध्ये हरिभाऊ निवर्तले.

मग यमू का मरते? विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झाला होता. कादंबरी संपली त्याच १८९३ साली अण्णासाहेब कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि समाजाचा बहिष्कार सोसला. म्हणजे सुटकेची वाट होती. पण तिच्यावरून चालणारे किती थोडे! हरिभाऊंनी यमूला शेवटच्या प्रकरणात सुखी केले असते, तर वाचक डोळे पुसून निश्चिंत झोपी गेला असता. त्याची झोप उडवणे हाच त्यांचा हेतू असावा, असे मला वाटते.

दिवाळीत पुन्हा बालाघाटला गेलो आणि आजीला हे सारे सांगितले. गोदूबाईंची हकीकत तिने दोनदा सांगायला लावली. लेखकाला तिने क्षमा केली की नाही, ते कळले नाही. रात्री दिवा मोठा करून तिने पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवले. खुणेचे पान उन्हाळ्यापासून तिथेच होते. या वेळी मी शेवटपर्यंत वाचले, आणि तिने थांबवले नाही.