लिस्बनची वाट : संत फ्रान्सिस झेवियर

संत फ्रान्सिस झेवियर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या गोव्यातील बॉम जेझू महामंदिर उभे राहते. परंतु भारताकडे येणारी त्यांची वाट समुद्रावर नव्हे, तर रोममध्ये, एका आजाऱ्याच्या अंथरुणापाशी सुरू झाली होती.

पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने पूर्वेकडील देशांत सुवार्ताप्रसारासाठी पोप पॉल तिसरे यांच्याकडे धर्मगुरूंची मागणी केली होती. संत इग्नेशियस लोयोला यांनी या कार्यासाठी सिमोन रॉड्रिग्ज आणि निकोलस बोबाडिल्ला या आपल्या दोन सहकाऱ्यांची निवड केली. रॉड्रिग्ज सागरी मार्गाने आधीच निघाले. बोबाडिल्ला मात्र रोमला पोहोचले ते आजारी होऊनच. पोर्तुगालचे राजदूत दोम पेद्रो मास्करेन्यस यांना लिस्बनला परतण्याची घाई होती. तेव्हा इग्नेशियस यांनी आपले चिटणीस असलेल्या झेवियर यांना जाण्याविषयी विचारले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, कोणतीही पूर्वतयारी नसताना, त्यांनी तत्काळ होकार दिला. आपले फाटके कपडे शिवून घेतले आणि मार्च १५४० च्या मध्यास त्यांनी रोम सोडले. येशूसंघाला पोपमहोदयांची विधिवत मान्यता अजून मिळायची होती. म्हणून संघाची भावी नियमावली आपणांस मान्य असेल, असे ते निघण्यापूर्वी लिहून देऊन गेले. त्यानंतर इग्नेशियस आणि झेवियर यांची या जगात पुन्हा भेट झाली नाही.

हा खुष्कीचा प्रवास तीन महिन्यांहून अधिक काळ चालला. राजदूतांच्या लवाजम्यासह ते घोड्यावरून इटली, आल्प्स पर्वत, फ्रान्स आणि स्पेन ओलांडून गेले. वाटेत एका नदीला उतार आहे काय, हे पाहण्यासाठी राजदूतांचा एक सेवक पाण्यात उतरला आणि घोड्यासह वाहून जाऊ लागला. सर्वांनी आशा सोडली असताना तो सुखरूप बाहेर आला. एकेकाळी संन्यस्त जीवनाची हाक नाकारल्याची खंत मृत्यूच्या दारात त्याला जाळत होती. त्याची ती साक्ष झेवियर यांच्या अंतःकरणावर कोरली गेली.

वाटेत आपल्या वृद्ध मातेची भेटही त्यांनी टाळली, अशी कथा जुन्या चरित्रांतून सांगितली जाते. वस्तुतः त्यांच्या मातेचे निधन १५२९ सालीच झाले होते. तथापि त्यांचा त्याग त्यामुळे उणा ठरत नाही. नव्हारातील आपले जन्मघर त्यांना पुन्हा कधीही दिसले नाही.

जून १५४० च्या अखेरीस ते लिस्बनला पोहोचले. त्या दिवशी रॉड्रिग्ज यांना हिवतापाची पाळी येणार होती. परंतु मित्रभेटीच्या आनंदात तापच आला नाही. राजधानीत दोघांनी कैद्यांची आणि रुग्णांची सेवा केली, पापनिवेदने ऐकली. त्यांच्या कार्याने प्रभावित झालेला राजा दोघांनाही तेथेच ठेवून घेऊ इच्छित होता. अखेर रॉड्रिग्ज यांना थांबावे लागले आणि दुसऱ्याच्या जागी आलेले झेवियर भारताकडे निघाले. प्रवासात दिमतीला सेवक घेण्यासही त्यांनी नकार दिला. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते जहाजावर चढले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढे आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले. ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या उंबरठ्यावरील एका बेटावर त्यांनी देह ठेवला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

ज्यांची मूळ निवड झालीच नव्हती, त्यांच्याच हातून परमेश्वराने हे महान कार्य करून घेतले. आपल्यावरही कधी अचानक दुसऱ्याची जबाबदारी येऊन पडते. अशा वेळी तक्रारीचा सूर न लावता झेवियर यांच्याप्रमाणे तत्परतेने वाटेला लागण्याची कृपा आपण प्रभूकडे मागू या.